एकच तलाव, तीन खेपा : झाडीपट्टीतील एका पक्षी-मुक्कामाचे परीक्षण

पक्षी दाखवण्याची सेवा देणारी ठिकाणे विदर्भात आता बरीच झाली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा हिशेब एकसारखा असतो : एका सकाळी तीन तलाव, एका दिवसात साठ-सत्तर जाती आणि संध्याकाळी मोबाइलवर छायाचित्रांची देवाणघेवाण. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात मालगुजारी तलावाच्या पाळीला लागून राहणारे एक ढिवर (मासेमार) कुटुंब जी सेवा चालवते, तिचा हिशेब नेमका उलटा आहे. ते पाहुण्याला एकच तलाव तीनदा पाहायला लावतात : जानेवारीच्या अखेरीस, फेब्रुवारी संपताना आणि मार्चच्या चौथ्या आठवड्यात. एकाच खेपेसाठी येणाऱ्याला ते नकार देत नाहीत, पण त्याला ‘तुम्हाला बदकं दिसतील, जाणं दिसणार नाही’ असे आधीच सांगून ठेवतात. हिवाळी पक्ष्यांच्या परतीच्या प्रवासाची पहिली चिन्हे ओळखायला शिकवणे, हीच त्यांची विक्रीची वस्तू आहे. मी आणि माझी थोरली बहीण यंदा तिन्ही खेपांना गेलो आणि हे परीक्षण त्या तिन्हींचे मिळून आहे.

गावाचे आणि कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही, कारण तशी त्यांचीच विनंती होती. पाळीवर एका वेळी चारपेक्षा अधिक माणसे त्यांना नको असतात. नवेगावबांधच्या बसथांब्यावर ‘डोंग्यातून बदकं दाखवणारे’ एवढे विचारले तरी पत्ता मिळतो. आम्हालाही तो तसाच मिळाला. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच्या गाडीने अर्जुनीला उतरून पुढे जाता येते किंवा नागपूरहून साकोलीमार्गे रस्त्याने. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या, म्हणजे कपाशी आणि तुरीच्या पट्ट्यातल्या. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाला किंवा सरकारी धरण. त्यामुळे साकोली ओलांडल्यावर दर गावाला एक तलाव, त्याच्या खाली धानाच्या बांध्या आणि पाळीवर मोहाची झाडे हे दृश्य आम्हाला परमुलखाचेच वाटले. कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळात बांधलेल्या या तलावांची मालकी पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेली आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ती सरकारकडे आली, एवढा इतिहास यजमानांनी पहिल्या चहाबरोबर सांगितला आणि मग तो विषय पुन्हा काढला नाही.

या सेवेचे मोल समजण्यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वसंतातले स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पक्षी येताना उभे राहतात, कारण थंड देशांतल्या माणसांनी ते तसेच लिहून ठेवले आहे : बर्फ वितळतो, भिंगऱ्या परत येतात, माणसे आनंदतात. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात होते ते याच्या नेमके उलट. भिंगऱ्या, बदके, हंस, धोबी, तुतवार हे सगळे आपल्याकडून निघत असतात. येणाऱ्याची चाहूल घेणे सोपे असते, कारण काल नव्हता तो आज दिसतो. निघणाऱ्याची चाहूल अवघड. घरी आलेला पाहुणा पिशवीत कपडे घालायला लागला की ते त्या घरात रोज वावरणाऱ्या बाईच्याच लक्षात येते, दारावरून जाणाऱ्याच्या नाही. तीन तलाव एकेकदा पाहणारा माणूस दारावरून जाणारा असतो. ही सेवा त्याला थोड्या काळासाठी घरातला करू पाहते आणि माझ्या मते त्यात ती बऱ्याच अंशी यशस्वी होते.

जानेवारीची खेप मुद्दामच नीरस ठेवलेली आहे, असे मला नंतर वाटले. पहाटे साडेपाचला पाळीवर नेऊन बसवतात, उजाडल्यावर डोंग्यातून, म्हणजे अरुंद नावेतून, तलावाच्या मधल्या बेशरमाच्या झुडपांपर्यंत नेतात आणि तिथे तासभर काहीही न बोलता थांबतात. आम्हाला लांब टोकदार शेपटीची तलवार बदके, पसरट चोचीचे थापटे, लालसऱ्या, वारकरी आणि बारमाही राहणाऱ्या अडई व हळदी-कुंकू बदके दिसली. यांपैकी बहुतेक पक्षी चोच पाठीत खुपसून झोपलेले होते. माझ्या बहिणीने, जिला पक्ष्यांत विशेष रस नाही आणि जी केवळ माझ्या सोबतीसाठी आली होती, हळूच विचारले की एवढे पैसे भरून आपण झोपलेली बदके पाहायला आलो आहोत का. यजमानांनी ते ऐकले आणि म्हणाले, ‘हेच पाहून ठेवा जी. आता यांना काहीच काम नाही. काम लागलं की कसे दिसतेत ते मंग पाहा.’ बदके हिवाळ्यात पुष्कळदा रात्री चरतात, अंधार पडताना कापलेल्या धानाच्या बांध्यांकडे उडतात आणि दिवस पाण्यावर विश्रांतीत काढतात. तेव्हा जानेवारीतली ती झोप म्हणजे आळस नसून त्यांची नेहमीची दिनचर्या होती, आणि पुढच्या बदलांची मोजपट्टी तीच ठरली.

यजमानांकडे एक शंभर पानी शाळकरी वही आहे. ती सहा हिवाळ्यांपासून चालू आहे आणि तिच्यासाठी एकटीसाठीही मी ही सेवा पुन्हा घेईन. रोजच्या नोंदीला चार रकाने असतात : तारीख, सूर्य समोरच्या काठावरच्या कोणत्या झाडामागून उगवला, पाण्याची पातळी तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, कितव्या पायरीला आहे आणि कोण किती दिसले. सूर्याचा रकाना पाहून मला, विज्ञानाची शिक्षिका म्हणून, थोडी लाजच वाटली. दिवसमान वाढत जाणे हाच हिवाळी पक्ष्यांना मिळणारा सर्वांत भरवशाचा इशारा असतो, हे मी वर्गात शिकवते; विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जुंको नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यात ठेवून विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला आणि बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्यांच्या प्रजननग्रंथी वसंतातल्याप्रमाणे वाढल्या, हा प्रयोगही मी फळ्यावर काढून दाखवते. पण सूर्य जानेवारीत कुठून उगवतो आणि मार्चमध्ये कुठून, हे मी स्वतः कधी पाहून ठेवले नव्हते. आमच्या पहिल्या खेपेला तो पलीकडच्या तिसऱ्या मोहामागून वर आला. मार्चच्या खेपेपर्यंत डावीकडे सरकत सरकत मारुतीच्या देवळाच्या कळसापाशी पोहोचला होता. आपल्या भागात डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसाची लांबी सुमारे पावणेअकरा तास असते आणि विषुवदिनाला ती बारा तासांच्या थोडी पुढे जाते. हा सव्वा तासाचा फरक माणसाला जाणवतही नाही, पण पक्ष्यांच्या शरीरातली सगळी उलाढाल त्याच्यावर चालते.

दुसरी खेप फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. होळी तोंडावर आली होती, पळस पेटले होते आणि पहाटेला मोहफुलांचा वास येऊ लागला होता. गावात शिरताना कोकीळ ओरडत होता आणि दूर कुठेतरी पावशाची ‘पेरते व्हा’ सुरू झाली होती. बहिणीने उत्साहाने हीच का ती चिन्हे, असे विचारले. यजमानांनी नम्रपणे नकार दिला. कोकीळ आणि पावशा इथलेच. त्यांना कंठ फुटला म्हणजे त्यांची वीण जवळ आली, कोणी कुठे निघाले असे नव्हे. वसंताची चिन्हे आणि प्रवासाची चिन्हे यांची ही गल्लत मीही वर्षानुवर्षे करत आले होते. या परिसराची शान असलेला सारसही स्थलांतर करत नाही. पाहुणे मात्र दरवर्षी ‘सारस केव्हा जातात’ असे विचारतात आणि त्यांना दरवर्षी तेच उत्तर मिळते.

खरे पहिले चिन्ह माझ्या बहिणीलाच दिसले. अंगणात न्हाणीच्या सांडपाण्यापाशी एक पांढरा धोबी शेपटी वरखाली करत फिरत होता, जानेवारीतही तो तिथेच असे. ती चूळ भरता भरता थांबली आणि म्हणाली, ‘अगं, याच्या गळ्याला हे काळं लाळेरं कधी बांधलं?’ जानेवारीत त्या पक्ष्याचा गळा पांढरा होता आणि छातीवर फक्त एक काळी चंद्रकोर होती. आता चंद्रकोर वर चढून हनुवटीपर्यंत पोहोचली होती. धोबी निघण्याआधी पिसे बदलतात आणि विणीचा पोशाख इथेच, आपल्या अंगणात, चढवतात. यजमानीणबाईंनी त्या दिवशी चहा थोडा अधिक गोड केला, असा माझा समज आहे.

त्यानंतर ते दोन दिवस आम्ही जे पाहिले ते सगळे याच प्रकारचे होते : मोठे असे काही नाही, पण जानेवारीत पाहून ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीत थोडा फरक. पाळीवरच्या काटेरी कुंपणावर बसणाऱ्या गप्पीदासाचे मातकट डोके काळे पडू लागले होते. त्याने नवी पिसे घेतली नव्हती. जुन्याच पिसांच्या तपकिरी कडा झिजल्या होत्या आणि खालचा काळा रंग उघडा पडला होता. पळस मैनांचेही तसेच. हिवाळ्यात मळकट दिसणाऱ्या या भोरड्या आता पळसाच्या केशरी फुलांत चोची घालून कलकलाट करत होत्या आणि त्यांचा गुलाबी रंग पिसांच्या कडा झिजल्यामुळे उजळू लागला होता. कोणतेही नवे कापड न घेता केवळ जुने घासून सणाला तयार होण्याची ही रीत पाहून बहिणीला आमच्या आजीची आठवण झाली. भुवई बदकांचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. या लहान बदकाचा नर हिवाळ्याचा बराच काळ मादीसारखाच ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि पांढरी रुंद भुवई त्याला उशिरा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. जानेवारीत वहीत ‘लहान बदक, कळत नाही’ अशी जी नोंद होती, त्या जागी आता ‘भुवई आली, ९ नर’ असे लिहिले गेले.

तलवार बदके जागी झाली होती. नर एका मादीभोवती गोळा होऊन मान ताणत, चोच छातीकडे दाबत आणि मध्येच सगळे मिळून तिच्या मागे उडत. यजमान एवढेच म्हणाले, ‘पाहा न, मान कशी ताणून राहिला. सोयरीक चालू आहे.’ ही सोयरीक इथे जमते हे खरेच आहे. बदकांच्या जोड्या बहुतेक हिवाळी मुक्कामातच ठरतात आणि परतीला नर मादीच्या मागोमाग तिच्या जन्मगावी जातो. म्हणजे सायबेरियात कुठेतरी भरणाऱ्या संसाराची बोलणी अर्जुनी तालुक्यातल्या तलावात होतात. आम्ही हे पाहत असताना बदकांचा दुपारचा वेळही बदललेला दिसला. जानेवारीत अकरा वाजता सगळी झोपलेली असत; आता निम्मी बदके उथळ काठाला देवधान या रानटी धानात डोकी खुपसून चरत होती. परतीच्या प्रवासाआधी पक्षी अंगात चरबी साठवतात, लांब वाळवंट किंवा समुद्र ओलांडणारे काही लहान पक्षी तर वजनाने जवळजवळ दुप्पट होतात, हे वाचलेले होते. ते प्रत्यक्ष दिसते मात्र असे : झोपेचे तास कमी होणे.

आता तक्रारी. दुसऱ्याच खेपेत, पक्ष्यांच्या या खाण्याच्या ऐन वेळी, आमच्यासोबतच्या एका पाहुण्याने थवा उडतानाचा व्हिडिओ हवा म्हणून डोंग्यात उभे राहून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळा तलाव उडाला. यजमानांनी त्याला थांबवायला उशीर केला, कदाचित पैसे भरून आलेल्या माणसाला कसे बोलावे या संकोचाने, आणि मला तो संकोच मुळीच पटला नाही. जानेवारीत उठवलेले बदक फक्त झोपमोड सोसते. फेब्रुवारीच्या अखेरीस उठवलेले बदक साठवलेल्यातले खर्च करते आणि चरण्याचा वेळही गमावते. मी हे रात्री जेवताना बोलून दाखवले. मार्चमध्ये गेलो तेव्हा डोंग्यात चढण्याआधी नियम सांगितले गेले आणि उभे राहिल्यास फेरी तिथेच संपेल असेही सांगितले गेले. सुधारणा झाली, हे नोंदवते. पण ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

दुसरी तक्रार दुर्बिणींची. सेवेत दोन दुर्बिणी दिल्या जातात. त्यांतली एक १०×५० ची आहे, वजनाला जड, आणि डोंगा थोडाही हलला की तिच्यातले चित्र थरथरते. दुसरीच्या एका भिंगात बुरशी धरलेली आहे आणि तिची दोन्ही नळकांडी एका रेषेत नसल्यामुळे दहा मिनिटांत डोके दुखू लागते. स्वतःची ८×४२ दुर्बीण असेल तर ती घेऊन जावी. धोब्याचे लाळेरे नुसत्या डोळ्यांनी दिसले, पण गप्पीदासाच्या डोक्यावरच्या पिसांची झीज तशी दिसत नाही. तिसरी तक्रार गंभीर आहे. जानेवारीत डोंग्यात तरंगण्याची जाकिटे नव्हती. पाणी मधोमध खोल आहे आणि डोंगा हा अरुंद असतो, थोडा तोल गेला तरी एका बाजूला कलतो. दुसऱ्या खेपेला दोन जाकिटे आली होती, तिसऱ्या खेपेला चार. पोहता न येणाऱ्यांनी जाकीट असल्याची खात्री करूनच पाय आत टाकावा.

जेवणाबद्दल मात्र लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण त्यात काहीही चुकले नाही. तांदळाची भाकर, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, वर सांबार (कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी आणि मांसाहारी पाहुण्यांसाठी त्याच तलावातले झिंगे किंवा मरळ. न्हाणीघर स्वच्छ आहे. मोबाइलला गावात रेंज नाही. पाळीच्या पश्चिम टोकावर ती मिळते आणि गावातली निम्मी तरुण मुले संध्याकाळी तिथेच असतात.

तिसऱ्या खेपेकडे वळण्याआधी जाळ्यांविषयी सांगणे भाग आहे, कारण तिथे या कुटुंबाचे स्वतःचे नुकसान होते आणि ते बिलात दिसत नाही. तलावात रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यांत मासळीबरोबर बुडी मारणारी बदके, विशेषतः लालसऱ्या, अडकून मरतात. यजमानांच्या वडिलांच्या काळी तसे अडकलेले बदक शिजवले जाई आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. आता हे कुटुंब नोव्हेंबरपासून बदके जाईपर्यंत तलावाच्या ईशान्य कोपऱ्यात जाळे लावत नाही. तो कोपरा मासळीचाही चांगला आहे. म्हणून बदके नेमकी केव्हा गेली हे कळणे त्यांच्यासाठी हौसेचा प्रश्न नसून व्यवसायाचा आहे, आणि मला वाटते वहीतल्या नोंदींत जी काटेकोर शिस्त आहे ती तिथून आली आहे. दिवस आधी जाळे लावले तर पक्षी मरतो, दोन आठवडे उशीर झाला तर मासळी जाते.

ही शिस्त आम्हाला २२ मार्चला पाहायला मिळाली. उन्हाळी धानासाठी तुडूम उघडलेला होता आणि पाणी तीन पायऱ्या उतरले होते. उघड्या पडलेल्या गाळावर टिलवे आणि शेकाटे पळत होते, जे जानेवारीत इथे नव्हते. तलवार बदके मात्र एकही दिसेना. मी लगेच म्हणाले की ती गेली. यजमानांनी वही काढली आणि लिहिले, ‘दिसली नाहीत’. ‘गेली’ हा वेगळा शब्द आहे आणि तो लिहिण्याआधी ते आजूबाजूच्या तलावांवरच्या ढिवर भावकीला फोन करतात, त्यासाठी पाळीच्या पश्चिम टोकापर्यंत चालत जातात. पाणी उतरले की बदके आधी मोठ्या पाण्याकडे, नवेगावबांधकडे किंवा गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाकडे सरकतात. तो प्रवास नव्हे. तो पाण्यासाठी केलेला मुक्कामबदल. पक्षी दिसत नाही या एका निरीक्षणातून ‘हिवाळा संपला’ असा निष्कर्ष काढणारे माझ्यासारखे पुष्कळ असतात. त्या संध्याकाळी इटियाडोहकडून निरोप आला की तलवार बदके तिथे आहेत, मोठ्या संख्येने आहेत आणि दिवसा चरत आहेत. वहीतली नोंद ‘दिसली नाहीत’ अशीच राहिली.

पट्टकदंबांचे तसे झाले नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस पलीकडच्या काठावर हिवाळाभर होते, आमच्या दुसऱ्या खेपेला मी त्यांतले ३८ मोजले होते. ते सकाळ-संध्याकाळ शेजारच्या लाखोरीच्या शेतात उतरतात आणि त्यांनी खुडलेल्या पिकापोटी यजमान प्रत्येक पाहुण्याच्या शुल्कातले शंभर रुपये त्या शेतकऱ्याला देतात. पावतीवर तसे लिहिलेलेही असते. २२ मार्चच्या संध्याकाळी हंस शेतात उतरलेच नाहीत. पाण्यावरून उठले, तलावावर एक फेरी मारून पुन्हा बसले, पुन्हा उठले, या वेळी अधिक उंच, आणि सतत आवाज करत राहिले. इतके दिवस त्यांचा आवाज उठताना आणि बसतानाच येई. प्रवासाआधीची ही अस्वस्थता पिंजऱ्यातल्या पक्ष्यांतही दिसते. निघण्याचे दिवस आले की ते रात्रभर पंख फडफडवतात आणि दांडीवरून दांडीवर उड्या मारतात. यजमान त्या वेळी आमच्याकडे न पाहता आकाशाकडे पाहत होते. आकाश निरभ्र होते. ‘आज अंगणात झोपा,’ एवढेच ते म्हणाले.

आम्ही अंगणात बाजा टाकून झोपलो. रात्री साधारण दीडच्या सुमारास आवाज डोक्यावरून गेला, उंचावरून, आणि उत्तरेकडे लांबत गेला. मला दिसले काहीच नाही. पट्टकदंबांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे लावून केलेल्या अभ्यासात असे आढळले आहे की हिमालय चढताना ते बहुधा रात्री आणि पहाटे उडतात, जेव्हा हवा थंड आणि अधिक दाट असते. त्या अभ्यासातली सर्वाधिक नोंदलेली उंची ७,२९० मीटर आहे. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवते. हे सगळे मला माहीत होते आणि तरीही त्या रात्री मी बहिणीला उठवून फक्त ‘ऐक’ एवढेच म्हटले. ती आधीच जागी होती.

सकाळी काठ रिकामा होता. यजमानांनी तरीही ‘दिसले नाहीत’ असेच लिहिले, पाळीच्या टोकाला जाऊन चार फोन केले, दहा वाजता परत आले आणि मग खालच्या ओळीत ‘गेले’ लिहिले. ते लिहिताना त्यांनी आम्हाला वही दाखवली. मागच्या पाच वर्षांची तीच नोंद त्यांनी आदल्या पानांवर शोधून दिली आणि त्या तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की मला फळ्यावरचा रोवन पुन्हा आठवला. तुडुमापाशी एकटा राहणारा तुतवार मात्र त्या सकाळीही शेपटी हलवत दगडावर होता. हा पक्षी येतो लवकर, पावसाळा संपण्याआधीच, आणि जातो सर्वांच्या मागून. अंगणातला धोबीही होता, आता पुरता लाळेरे बांधलेला. परसात येणारा थिरथिरा दिसला नाही. त्याच्यासाठी फोन करण्याची सोय नसल्यामुळे यजमान त्याला सलग सात दिवस पाहतात आणि आठव्या दिवशी ‘गेला’ लिहितात.

तिन्ही खेपांचे मिळून माणशी ५,४०० रुपये झाले. त्यात प्रत्येक खेपेला एक रात्र, दोन वेळचे जेवण, एक नाश्ता, पाळीवरची एक आणि डोंग्यातली एक फेरी येते. तीनदा जाण्यायेण्याचा खर्च धरला तर हे स्वस्त नाही आणि नोकरी करणाऱ्याला दोन महिन्यांत तीन सुट्ट्या जुळवणे सोपेही नाही. ज्यांना जातींची यादी वाढवायची आहे त्यांनी येथे जाऊ नये. आम्हाला तीन खेपांत मिळून ६० च्या आतच जाती दिसल्या. नावांबाबतही थोडी तयारी हवी. यजमान बहुतेक पक्ष्यांना गावातली नावे वापरतात आणि काही नावे दोन-दोन पक्ष्यांना चालवतात, त्यामुळे छापील चित्रांचे एखादे पुस्तक सोबत असलेले बरे. त्यांच्या मोठ्या मुलीने यंदापासून वहीतल्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायला सुरुवात केली आहे आणि नावांचा हा गोंधळ ती हळूहळू सोडवते आहे. लहान मुलांना मात्र जानेवारीची खेप कंटाळवाणी होईल; त्यांना थेट मार्चमध्ये न्यावे, जरी यजमान त्यावर नाराज होतील.

पुढच्या हंगामाची नोंदणी दिवाळीनंतर फोनवर होते आणि चारच जागा असल्याने ती लवकर भरते. बहिणीने तिची जागा मला न विचारता आधीच सांगून ठेवली आहे. एप्रिलमध्ये यजमानांच्या मुलीने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यावर भुवई बदकांपुढे ९ तारखेला ‘दिसली नाहीत’, १२ तारखेला ‘गेली’, आणि त्याच ओळीत शेवटी, ईशान्य कोपऱ्यात जाळे लावले, असे लिहिले आहे.